शॉर्टवेव्हवर नुसती खरखर? रेडिओ बदलण्याआधी हे तपासा

तक्रार ठरलेली असते. नवा पोर्टेबल रेडिओ आणला, एफएम खणखणीत लागतं, मीडियम वेव्हवरही दोन-चार स्टेशनं सापडतात, पण शॉर्टवेव्हवर गेलं की या टोकापासून त्या टोकापर्यंत खरखर. मधूनच एखादं चिनी स्टेशन जोरात लागतं, बाकी शुकशुकाट. मग तो रेडिओ कपाटात जातो, त्याहून महाग मॉडेल येतं आणि आठवड्याभरात त्याच्यावरही तीच खरखर. मी हे तीनदा केलं. तिन्ही रेडिओ आजही ठणठणीत आहेत. बिघाड घरात होता, त्याची हकीगत पुढे येईलच.

तपासणीचा माझा क्रम असा: आधी स्टेशन, मग घर, मग अँटेना आणि सगळ्यात शेवटी रेडिओ. बहुतेक जण नेमके उलटीकडून सुरू करतात, कारण रेडिओ हातात असतो आणि बाकीचं दिसत नाही.

स्टेशन मुळात चालू आहे का?

जुन्या वहीतल्या फ्रिक्वेन्सी आता कामाच्या नाहीत. रेडिओ नेदरलँड्स आणि रेडिओ कॅनडा इंटरनॅशनल २०१२ मध्येच शॉर्टवेव्हवरून गेले, रेडिओ ऑस्ट्रेलियानं २०१७ च्या जानेवारीअखेर शॉर्टवेव्ह बंद केलं. जी स्टेशनं उरली आहेत त्यांचं वेळापत्रकही वर्षातून दोनदा बदलतं: मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. ‘परवापर्यंत छान लागत होतं, आता रेडिओ बिघडला’ ही तक्रार एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कुणी केली, तर मी आधी तारीख विचारतो. वेळापत्रकातली वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, ती आपल्या घड्याळात बसवताना अर्ध्या तासाची चूक झाली तरी कार्यक्रम हुकतो.

दुसरी गोष्ट बँडची. दिवसा आयनावरणाचा खालचा डी थर कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की हा थर विरतो, आणि त्याच लहरी वरच्या एफ थरावरून परतून हजारो किलोमीटर जातात. म्हणून भरदुपारी ४९ मीटरवर, म्हणजे ५,९०० ते ६,२०० किलोहर्ट्झमध्ये, काही लागलं नाही तर त्यात नवल नाही. दुपारी १९ आणि १६ मीटर बघा, म्हणजे १५,१०० च्या पुढे आणि १७,४८० च्या पुढे. अंधार पडल्यावर ४९ आणि ४१ मीटर. ३१ मीटर, म्हणजे ९,४०० ते ९,९००, हा मधला बँड. तो सकाळ-संध्याकाळ सहसा निराश करत नाही. मी रेडिओ तपासायला नेहमी संध्याकाळी इथूनच सुरुवात करतो.

सगळ्यात भरवशाची कसोटी म्हणजे १०,००० किलोहर्ट्झ. कोलोरॅडोचं डब्ल्यूडब्ल्यूव्ही, हवाईचं डब्ल्यूडब्ल्यूव्हीएच आणि चीनचं बीपीएम ही वेळ सांगणारी स्टेशनं याच आकड्यावर आहेत, शिवाय ५,००० आणि १५,००० वरही. सेकंदासेकंदाला टिक-टिक. बहुतेक ठिकाणी संध्याकाळच्या सुमाराला या तीन आकड्यांपैकी एकावर तरी ती टिकटिक पुसट का होईना कानावर यायला हवी. आली तर रेडिओ जिवंत आहे. खरखरीखाली दबून येत असेल तर गुन्हेगार घरात आहे.

आणखी एक ताळा: इंटरनेटवरून ऐकता येणारे किवीएसडीआर रिसीव्हर जगभर लोकांनी लावून ठेवले आहेत. तुमच्या जवळपासचा एखादा उघडा, तीच फ्रिक्वेन्सी त्याच वेळी लावा. तिथे स्टेशन स्वच्छ आणि तुमच्याकडे नुसती खरखर असेल तर आकाशाला दोष देता येणार नाही. तिथेही शांतता असेल तर रेडिओ खाली ठेवा. दिवसा कधीकधी सूर्यावरच्या ज्वाळेमुळे सगळेच बँड एकदम मरतात, काही मिनिटं ते तास-दीड तास. एकदा अशा वेळी मी रेडिओचे मागचे स्क्रूही काढून बसलो होतो.

घर: इथेच जास्त वेळ द्या

रेडिओ सेलवर लावा. चार्जर, अडॅप्टर, पॉवर बँक काहीही जोडलेलं नको. पॉवर बँकेत व्होल्टेज वाढवणारं सर्किट असतं, तेही किरकिर करतं. मग एखादी रिकामी फ्रिक्वेन्सी निवडा, ९,८०० च्या आसपास, आणि आवाज नीट ऐका. खरखरीचेही प्रकार असतात. मिक्सर लांबून ऐकू यावा तशी सलग घरघर असेल तर एलईडी दिव्याचा ड्रायव्हर किंवा दिव्याचा डिमर. ट्यून करत गेल्यावर ठरावीक अंतरानं, समजा दर साठ-सत्तर किलोहर्ट्झला, आवाजाचा उंचवटा येत असेल आणि तो उंचवटा हळूहळू सरकत असेल, तर चार्जर किंवा अडॅप्टर. प्रसारणाच्या बँडमध्ये स्टेशनं पाचाच्या पटीत बसवलेली असतात. ९,७४३ वगैरे भलत्याच आकड्यावर गुंईं असा आवाज आला, किंवा आपोआप स्टेशन शोधणारं बटण तिथे जाऊन थांबलं, तर ते स्टेशन नसून कुणाचं तरी यंत्र आहे. आणि अधूनमधून, ताल नसलेली, कडकडून फुटणारी खरखर ही लांबच्या विजांची. ती खालच्या बँडवर आणि रात्री जास्त, तिला उपाय नाही.

आता मेन स्विच. ही कसोटी सगळे सांगतात, पण ती करताना मी स्वतः फसलो आहे.

त्या रात्री मुलगी विजेच्या बोर्डापाशी टॉर्च धरून उभी होती आणि मी खिडकीत रेडिओ घेऊन. डिस्प्लेवर सिग्नलचा आकडा ३८, स्टेशन नसताना. मेन बंद केला. खरखर कमी होईल म्हणून कान टवकारले, तर ती वाढली. आकडा ४४. मी जवळजवळ ठरवून टाकलं की हा आवाज बाहेरूनच, खांबावरून येतोय आणि आपल्या हातात काही नाही. लेकीनंच विचारलं, “बाबा, मग राउटरचा हिरवा दिवा चालू कसा?” मेन बंद होताच घरचा इन्व्हर्टर जागा झाला होता. खरखर वाढवत होता तो इन्व्हर्टर, आणि राउटर त्याच्यावर सुखानं चालू होता. इन्व्हर्टरही बंद केला. पाच-सहा सेकंदांत आकडा १७ वर आला, आणि इतके दिवस जिथे काहीच नव्हतं तिथे कुणीतरी बोलत होतं, भाषा कळली नाही पण शब्द सुटे सुटे ऐकू येत होते.

मग एकेक एमसीबी वर. “आता?” “नाही.” “आता?” “नाही.” चौथ्याला घरघर परत आली. तो दिवाणखान्याचा. तिथले प्लग एकेक करून काढले. टीव्हीनं फरक पडला नाही, सेट-टॉप बॉक्सनं थोडा पडला, राउटरचा अडॅप्टर काढल्यावर आकडा धाडकन उतरला. राउटर निर्दोष होता, पेटीबरोबर आलेला अडॅप्टर तेवढा वाईट. तेवढ्याच व्होल्टेजचा आणि तेवढाच करंट देणारा दुसरा, जरा वजनदार अडॅप्टर लावला आणि तीन रेडिओंचं दुखणं त्या रात्री निम्म्याहून जास्त गेलं. उरलेलं होतं बेडरूममध्ये सॉकेटला नुसत्या लटकलेल्या फोनच्या चार्जरमध्ये. फोन जोडलेला नसला तरी चार्जर आपलं काम करत असतो.

तर ही कसोटी करताना इन्व्हर्टर, यूपीएस, राउटरची छोटी बॅटरी, छतावरच्या सोलरचा इन्व्हर्टर, सगळं बंद झालंय ना हे डोळ्यांनी बघून घ्या. सोलरचा आवाज दिवसा असतो आणि सूर्यास्ताला आपोआप थांबतो, एवढी एक खूण पुरते.

सगळं बंद करूनही आवाज तसाच राहिला तर रेडिओ घेऊन घराबाहेर चालत जा. तीस-चाळीस पावलांवर आवाज उतरला तर शेजारचं काहीतरी आहे किंवा भिंतीपलीकडचं. खांबाजवळ वाढला आणि कोरड्या हवेत जास्त, पावसात कमी असेल, तर तिथे कुठेतरी सैल जोड ठिणगी टाकतोय. अशी तक्रार वीज कंपनीकडे करावी, स्वतः खांबाजवळ काही करू नये.

गुन्हेगार सापडला पण तो काढून टाकता येत नसेल तर दोन उपाय. अंतर वाढवा, अशा यंत्रांचा त्रास जवळ फार आणि लांब गेल्यावर झपाट्यानं कमी असतो, रेडिओ टेबलावरून उचलून समोरच्या खिडकीत नेला तरी पुष्कळदा काम होतं. दुसरा उपाय फेराइटच्या कड्याचा: अडॅप्टरची वायर कड्यातून सात-आठ वेढे घालून न्या. शॉर्टवेव्हसाठी ३१ क्रमांकाच्या मिश्रणाचं कडं चांगलं. वायरवर नुसतं क्लिप करायचं कडं घेऊन एकदाच वायर ओवली तर या फ्रिक्वेन्सीवर फार काही होत नाही. अडथळा वेढ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे दोन वेढ्यांना चौपट आणि सातला जवळजवळ पन्नासपट.

अँटेना: जास्त तार म्हणजे जास्त स्टेशनं असं नाही

आधी एक गैरसमज. शॉर्टवेव्हला रेडिओ गोल फिरवून उपयोग नसतो. आतली फेराइटची कांडी मीडियम वेव्हसाठी. शॉर्टवेव्ह ऐकतो तो वर ओढायचा एरियल. तो पूर्ण ओढा आणि रेडिओ खिडकीशी न्या. काँक्रीटच्या इमारतीत सळ्यांचं जाळं असतं, खोलीच्या मध्यभागी फार कमी पोचतं.

रेडिओ हातात धरला की स्टेशन स्पष्ट आणि टेबलावर ठेवला की अस्पष्ट, हा अनुभव अनेकांना येतो. छोट्या रेडिओला एरियलच्या जोडीला दुसरी बाजू लागते, ती आपलं शरीर पुरवतं. इअरफोन लावल्यावर सुधारतं तेही त्याचमुळे. बाहेरच्या अँटेनाच्या किंवा इअरफोनच्या सॉकेटच्या ग्राउंडला तीन-चार मीटरची वायर जोडून जमिनीवर पसरून द्या, मग हात लावून बसायला नको.

यापुढची पायरी म्हणजे एरियलला चिमट्यानं जोडलेली पाच ते सात मीटरची साधी वायर. शक्य तर बाहेर, विजेच्या वायरिंगला समांतर नको, आणि कोणत्याही विजेच्या तारेवरून टाकायचा विचारही नको. गडगडाट सुरू झाला की वायर काढून बाजूला. लांब तारेवर साचलेला स्थिर भार रेडिओच्या पहिल्याच ट्रान्झिस्टरला मारतो, त्यासाठी वीज थेट पडावी लागत नाही.

इथे लोक थांबत नाहीत, वीस-तीस मीटर तार ओढतात. पोर्टेबल रेडिओ एवढा सिग्नल पचवू शकत नाही. मग एक स्टेशन चार ठिकाणी लागतं, मीडियम वेव्हची बडबड शॉर्टवेव्हवर येते आणि पार्श्वभूमीला सतत कुजबुज. तपासायचं सोपं: रेडिओवरचं डीएक्स-लोकल बटण, म्हणजे रेडिओची संवेदनशीलता कमी-जास्त करणारं, लोकलवर करा, किंवा वायर काढा. भुतं गायब झाली आणि खरं स्टेशन राहिलं तर तार लांब आहे. स्वस्त, काट्याच्या रेडिओत आणखी एक भूत असतं. त्यांच्यात आलेल्या सिग्नलच्या फ्रिक्वेन्सीचं एकदाच रूपांतर होतं, ४५५ किलोहर्ट्झवर, त्यामुळे ९,६०० चं जोरदार स्टेशन बरोबर ९१० किलोहर्ट्झ खाली, ८,६९० लाही लागतं. हा दोष मुळातला आहे, अँटेना बदलून जात नाही.

घरातली खरखर आटोक्यात येत नसेल तर तारेऐवजी लूप घ्या. साधारण अर्धा-पाऊण मीटर व्यासाचं कडं, मुळाशी छोटा ॲम्प्लिफायर. कडं उभं ठेवून फिरवलं की एका दिशेचा आवाज जवळजवळ पुसला जातो. आकाशातून वेगवेगळ्या कोनांनी उतरणाऱ्या लांबच्या स्टेशनला त्याचा फारसा तोटा होत नाही, जवळच्या चार्जरला होतो. माझ्या मते फ्लॅटमध्ये राहणाऱ्यानं महाग रेडिओच्या आधी हे घ्यावं. फक्त त्याच्या ॲम्प्लिफायरला भिकार अडॅप्टर लावू नका, नाहीतर घालवलेली खरखर अँटेनातूनच परत येईल. बॅटरी लावा. ॲम्प्लिफायर नसलेले लूपही मिळतात, पण ते फार संवेदनशील रिसीव्हरला शोभतात. साध्या पोर्टेबलवर त्यांनी माझी निराशाच केली.

आता रेडिओ

एरियलला बोट लावा. ९-१० मेगाहर्ट्झवर (९,००० ते १०,००० किलोहर्ट्झ) आवाज किंवा सिग्नलचा आकडा जराही हलला नाही तर एरियल आतून तुटलेला आहे. मुळाशी एक स्क्रू असतो, तो सैल होतो. रेडिओ पडला असेल तर आतली बारीक वायर डागापाशी सुटते. दोन्ही घरी करता येण्यासारखं.

ज्या रेडिओंना बाहेरच्या अँटेनाचं सॉकेट आहे त्यांच्यात एक फसवं दुखणं असतं. पिन घातली की आतला पत्रा सरकून एरियल तुटतो, पिन काढली की पुन्हा जुळतो. तो पत्रा काळा पडला की पिन नसतानाही एरियल तुटलेलाच राहतो, आणि एरियलला हात लावला तरी ढिम्म. पिन दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. सुधारलं तर कापसाच्या काडीनं थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल आत फिरवून वाळू द्या. माझ्याकडचा एक ‘मेलेला’ रेडिओ असा दोन मिनिटांत उठून बसला. सॉकेटला मोनो पिनच वापरा.

एफएम आणि मीडियम वेव्ह उत्तम, एरियलचे सगळे जोड ठीक, सॉकेटही साफ, तरी शॉर्टवेव्हवर समान फुसफुस: मग स्थिर विजेनं पहिला ट्रान्झिस्टर गेला असण्याची शक्यता जास्त, आणि तो रेडिओ दुरुस्ती करणाऱ्याकडेच न्यावा लागेल.

आवाज अधूनमधून बुडून पुन्हा वर येणं हा बिघाड नाही, लहरी दोन वाटांनी येऊन एकमेकींना मारतात. पण सिग्नल जरा मंदावला की आवाज पार नाहीसाच होत असेल तर ती काही डीएसपी (सिग्नलवर डिजिटल प्रक्रिया करणाऱ्या) चिपची सॉफ्ट म्यूटची, म्हणजे मंद सिग्नलला आवाज आपोआप दाबण्याची खोड आहे. ती बहुतेक मॉडेलांत बंद करता येत नाही, म्हणून घेण्याआधी कुणाकडे तरी ऐकून घ्यावं.

घ्यायचाच असेल तर

‘बारा बँडचा वर्ल्ड रिसीव्हर’ असं लिहिलेला काट्याचा रेडिओ घेऊ नका, वरचं ९१० चं भूत त्यातच असतं. मी बघतो ते असं: आकडे दाखवणारा डिस्प्ले आणि थेट आकडा टाकायची सोय, बाहेरच्या अँटेनाचं सॉकेट, डीएक्स-लोकल बटण, बँडविड्थ (एका वेळी ऐकू येणारा फ्रिक्वेन्सीचा पट्टा) कमी-जास्त करता येणं, एसएसबी (सिग्नलची एकच बाजू घेऊन ऐकायची सोय), आणि बाजारात सहज मिळणारी, स्वतः बदलता येणारी बॅटरी. शेवटचा मुद्दा लोक विसरतात. टेकसन या चिनी कंपनीच्या पीएल-३३० ला बीएल-५सी ही जुन्या फोनची बॅटरी लागते, पीएल-८८० ला १८६५०. पीएल-६६० चार साध्या पेन्सिल सेलवर चालतो, आणि तपासणीसाठी सेलवरचा रेडिओ किती उपयोगी ते वर आलंच. बारक्या, खिशात मावणाऱ्यांत पीएल-३३० मला पुरतो. पीएल-३८० चांगला आहे, पण त्याला अँटेनाचं सॉकेट नाही आणि एसएसबीही नाही. सोनीचा आयसीएफ-एसडब्ल्यू७६००जीआर आता बनत नाही. वापरलेला मिळाला तर एरियलचं मूळ आणि बॅटरीच्या कप्प्यातली गळती आधी बघा. बाजूच्या स्टेशनची चिवचिव टाळायला त्याचा सिंक (सिग्नलला घट्ट धरून ठेवणारी सोय) उत्तम, पीएल-८८० मधला सिंक फारसा कामाचा नाही.

एसएसबी नुसतं हौशी रेडिओवाल्यांसाठी असतं असं नाही. खरखरणारं, बुडत-तरंगत येणारं स्टेशन एसएसबीवर घेऊन गुंईं असा स्वर शून्यावर आणला की भाषण पुष्कळ स्वच्छ होतं, आणि सिग्नलच्या दोन बाजूंपैकी जी कमी बिघडलेली ती निवडता येते.

माझ्याकडे अजून एक खरखर उरली आहे: ७,२०० च्या आसपास, रोज संध्याकाळी साडेसात ते दहा, वरच्या मजल्यावरच्या टीव्हीची. त्यांना सांगून बघितलं, ते हसले. खिडकीच्या चौकटीवर पेन्सिलनं खूण केली आहे. लूप त्या खुणेला लावला की टीव्ही बुडतो.